उचल आणि पाठबळ

मदिनत अश शमाल म्हणजे 'उत्तरेचं शहर'. नावात शहर असलं तरी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षा शांत. दोह्याहून शंभरेक किलोमीटर. दोह्याची मंडळी इकडे येतात ती झुबाराचा किल्ला बघायला, नाहीतर रुवैसच्या बंदरावर ताजी मासळी घ्यायला. "इतक्या लांब तुम्हाला करमतं तरी कसं?" हा प्रश्न मला मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात विचारला जातो. करमतं! समुद्र आहे, मोकळी हवा आहे, आणि इतिहासाची आवड असेल तर आजूबाजूला वाचायला दगडमातीचं एक अख्खं पुस्तक आहे.

या पुस्तकातलं एक पान मला फार आवडतं. झुबारा हे अठराव्या शतकात भरभराटीला आलेलं मोत्यांच्या व्यापाराचं बंदर. १८११ साली ते उद्ध्वस्त झालं आणि पुढे वाळूखाली गेलं. २०१३ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. तिथल्या उत्खननात घरांमधून 'मदबसा' सापडल्या. मदबसा म्हणजे खजुराचा पाक काढायची खोली. तळाला उतरत्या पन्हळी, त्यावर खजुराच्या पोत्यांची थप्पी. पोत्यांच्या वजनानंच रस गळायचा आणि पन्हळीतून खाली ठेवलेल्या भांड्यात जमायचा. हा पाक म्हणजे दिब्स, इथल्या लोकांची काकवीच म्हणा ना! जिथे वर्षाला सरासरी ८० मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो आणि झुबाराला पिण्याचं पाणीसुद्धा दीडेक किलोमीटरवरच्या विहिरींतून आणावं लागे, तिथे हा अन्नप्रक्रिया उद्योग चालला होता. ना इंधन, ना यंत्र, ना वाया जाणारं पाणी.

पण याच किनाऱ्यावर दुसरी एक गोष्टही होती. मोती काढायला जाणाऱ्या पाणबुड्यांना हंगामाआधी आगाऊ पैसे मिळत. ते पैसे नाखवा देई, आणि नाखव्याला व्यापारी देई. हंगाम चांगला गेला तर फिटले, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच नाखव्याच्या होडीवर. असं करता करता माणसं कर्जात जन्मभर अडकत. आपल्याकडे ऊसतोडणी कामगार मुकादमाकडून घेतात ती 'उचल' आठवली ना? अगदी तीच. १९३० च्या सुमारास जपानी कल्चर्ड मोती आणि जागतिक मंदी या दोन्हींनी हा धंदा बुडवला, आणि उचल घेतलेल्यांचे हाल कुत्रा खाईना.

म्हणजे पैसा पुरवणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एकाच्या पैशानं घेणारा बांधला जातो, दुसऱ्याच्या पैशानं तो उभा राहतो. पहिल्याला आपण उचल म्हणू, दुसऱ्याला पाठबळ. शेतीत आणि अन्नाच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांना महाराष्ट्रात पाठबळ कुणी दिलं आणि ते कशा स्वरूपाचं होतं, हे या लेखात थोडक्यात सांगायचं आहे. हा विषय आत्ताच का, तेही शेवटी सांगतो.

सुरुवात माझ्या आजोळच्या भागापासून करतो. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. मिरज-पुणे लोहमार्गावर या नावाचं स्टेशनही आहे. लहानपणी मला वाटायचं, हे गाव पूर्वापार असणार. तसं नाही. त्या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड, आणि आजूबाजूला नुसता निवडुंगाचा माळ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंग ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. आज नांगर म्हटलं की त्यात विशेष काय, असं वाटेल. पण त्या काळी लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. हरळी-कुंद्याची मुळं तशीच राहायची. लोखंडी नांगर खोल जाऊन ढेकळं उलथून टाकायचा. तरी शेतकरी घेईनात! लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली.

या दोन वर्षांचा विचार करा. माल तयार, गिऱ्हाईक नाही. पुढे धंदा थोडा रुळतोय तोच बेळगाव नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा वसाहतीसाठी हवी झाली आणि तिथून हलायची पाळी आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधच्या देवीच्या सभामंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलंच होतं. आता कुंडल रोडजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा श्रीगणेशा झाला. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, आणि मग शेड उभारायची!

राजानं दिलं काय, ते नीट पाहू. जमीन दिली ती पडीक, पण रेल्वे स्टेशनला लागून. म्हणजे माल पाठवायची सोय पहिल्या दिवसापासून. पैसे दिले ते कर्जाऊ. त्यामुळे मिंधेपणा नाही आणि जबाबदारी आहे. आणि ज्याचा नांगर विकायला दोन वर्षं लागली, अशा माणसाला दिले. कुठल्याही सावकारानं त्याला दारात उभं केलं नसतं. राजा स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचा पुरस्कर्ता, पुढे १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारा. त्याला नांगरातला नफा कळत होता की नाही कोण जाणे. माणूस मात्र कळला होता. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीचे होते. आजच्या भाषेत 'यंग आंत्रप्रेन्युअर' नव्हेत, पण धंदा तरुणच होता की! किर्लोस्करांचं नाव आज घरोघरी माहीत आहे, पंतप्रतिनिधींचं फार थोड्यांना.

दुसरी गोष्ट लोणीची, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली. या भागाला उचलीचा अनुभव जुना. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जाळून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, तो नगरकडेही पसरला. त्यावर सरकारनं १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा. पण कायदा कागदावर असतो. तो शेतात उतरवायला माणूस लागतो. लोणीत तो माणूस म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतसंस्था काढली. पुढे स्वप्न पाहिलं ते शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचं. शालेय शिक्षण बेताचंच. कारखाना म्हणजे कोटी-लाखांची गोष्ट; शेतकऱ्यांना कोण दारात उभं करणार?

इथे पाठबळ आलं ते वेगळ्याच रूपात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि सहकाराचे जाणकार वैकुंठभाई मेहता यांनी सरकारी पातळीवर मदत केली. गाडगिळांनी आपली विद्वत्ता आणि आपलं नाव या शेतकऱ्यांच्या मागे उभं केलं. बँकेला, सरकारला त्यांच्या शब्दावर भरवसा वाटला. १९५० मध्ये प्रवरेचं पहिलं गाळप सुरू झालं.

मंडळी, आपल्यासारख्या शिकल्या-सवरलेल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाठबळ म्हणजे पैसाच असं नाही. प्रकल्पाचा अहवाल नीट लिहून देणं, हिशेब तपासणं, बँकेत बरोबर जाऊन बसणं, हेही पाठबळच.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. साखर कारखान्यांनी खेड्यात शाळा, दवाखाने, रस्ते आणले हे खरंच. पण उसानं पाणीही खाल्लं. महाराष्ट्राच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा थोडका, सिंचनाच्या पाण्यात मात्र सिंहाचा. कालव्याच्या टोकाची गावं कोरडी राहिली आणि पाण्याच्या अतिवापरानं कित्येक जमिनी खारावल्या. म्हणजे उद्योगाला पाठबळ देताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला: हे पाणी पुरणार किती दिवस, आणि कुणाला?

तो प्रश्न विचारला विलासराव साळुंखे यांनी. ते पुण्याचे इंजिनिअर आणि यशस्वी कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि त्यांना स्वस्थ बसवेना. १९७४ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. बांध घातले, पावसाचं पाणी अडवलं, विहीर खोदली. आधी स्वतः करून दाखवलं, मग लोकांना सांगितलं. यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली.

तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकरापुरतं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि पैशाचं गणित? उपसा योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा, निम्मा सरकारी अनुदानातून आणि उरलेला साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. फुकट काही नाही, पण गळ्याला फासही नाही. ज्याला आज इंग्रजीत 'सस्टेनेबल' म्हणतात आणि आपण शाश्वत म्हणतो, ते नायगावच्या माळावर पन्नास वर्षांपूर्वी पंगतीच्या वाढपासारखं सोपं करून मांडलं होतं: आधी सगळ्यांच्या पानात पडू द्या, मग दुसऱ्यांदा मागा.

आता एक गोष्ट खास आपल्या, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या जवळची. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन भारतात परतले. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात उत्तम पद होतं. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणी गावात 'विज्ञान आश्रम' सुरू केला. विद्यार्थी कोण? तर शाळेत नापास झालेली, शिक्षण सुटलेली मुलं. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. हातानं काम करत शिकलेलं डोक्यात राहतं. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, रक्त-पाणी-मातीची तपासणी, सगळं थोडं थोडं शिकवायचं, तेही गावाला खरोखर लागणारी कामं करून. गावकऱ्यांनी त्या कामाचे पैसे द्यायचे. म्हणजे शिकत असतानाच मुलाला गिऱ्हाईक भेटतं, बिल करावं लागतं, चुकलं तर बोलणीही खावी लागतात. तिथून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी स्वतःची वर्कशॉप, रोपवाटिका, कुक्कुटपालन असे धंदे काढले. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. राजानं जमीन दिली, गाडगिळांनी शब्द दिला, साळुंख्यांनी पाण्याचा हिशेब दिला, तर कलबागांनी आपलं उरलेलं आयुष्य दिलं.

शेवटचं उदाहरण अगदी अलीकडचं. २०१० साली नाशिकची द्राक्षं युरोपात एका रसायनाच्या अंशामुळे नाकारली गेली आणि निर्यातदार, बागायतदार दोघंही हादरले. त्यात पोळलेल्यांपैकी एक, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले विलास शिंदे. त्यांनी त्याच सुमारास शेतकऱ्यांना बरोबर घेऊन मोहाडीला 'सह्याद्री' ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. अशा कंपन्यांना वाट करून देणारी दुरुस्ती कंपनी कायद्यात २००२ मध्ये झाली होती. आज द्राक्षांपासून टोमॅटोच्या प्रक्रियेपर्यंत तिचा पसारा आहे, आणि २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये गुंतवले. इथे पाठबळ आहे ते बाजारपेठेचं. कोणतं औषध मारायचं, माल कधी काढायचा, तो कुठे जाणार, हे आधी ठरलेलं. शेतकऱ्यानं पिकवायचं आणि मग देवावर हवाला ठेवायचा, असं नाही.

आता पुन्हा कतारला येऊ. ५ जून २०१७ ही तारीख इथल्या जुन्या रहिवाशांना विसरता येणार नाही. रमजानचा दहावा दिवस. शेजारच्या देशांनी नाकेबंदी केली, अबू सामराची सीमा बंद झाली, आणि ज्या देशाचं दूधदुभतं ट्रकमधून सौदीहून यायचं त्या देशात दुकानांतली फडताळं रिकामी होऊ लागली. चार-पाच दिवसांत तुर्कस्तानचं दूध विमानानं आलं. खोक्यावर 'सूत' लिहिलेलं. तुर्की भाषेत सूत म्हणजे दूध, हे तेव्हा कळलं! आमच्याकडे त्या दुधाला विरजण लागेल का यावर दोन दिवस चर्चा चालली. लागलं. जुलैमध्ये १६५ गाई विमानातून उतरल्या. दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या परिसरात बलदनाची दूधशाळा वाढली आणि दोनेक वर्षांत देशाची ताज्या दुधाची गरज इथेच भागू लागली. भाजीपाल्यालाही सरकारनं हात दिला. हरितगृहांना मदत, कर्ज, स्थानिक मालासाठी मोठ्या दुकानांत वेगळी जागा, हिवाळ्यात शेतकऱ्यांनी थेट विकायचे बाजार. आमच्या शमालमध्येही असा बाजार भरतो. काकडी, टोमॅटो, वांगी, कोथिंबीर, सगळं इथल्या मातीतलं. नाकेबंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली, पण ही शेती राहिली.

जमीन, कर्ज, ज्ञान, बाजार, जे आपल्याकडे वेगवेगळ्या माणसांनी शंभर वर्षांत दिलं, ते इथे एका सरकारनं दोन-तीन वर्षांत एकत्र दिलं. पैसा होता, हे खरं. पण नायगावचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. उत्तरेकडच्या शेतांखाली गोड्या पाण्याचा जो पातळ थर आहे, तो पावसानं भरतो त्याहून कितीतरी जास्त वर्षानुवर्षं उपसला गेला आणि विहिरी खारट झाल्या. म्हणून आता ठिबक, मातीविना शेती, सांडपाणी शुद्ध करून चाऱ्याला वापरणं, यावर भर आहे. लोणी असो की शमाल, पाणी सगळ्यांना एकच हिशेब मागतं.

आता हे सगळं लिहायचं कारण. आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबातला मुलगा, इथेच वाढलेला, कृषी पदवी घेऊन बसला आहे. त्याला वडिलांच्या गावी माण तालुक्यात ज्वारी-बाजरीचे तयार पदार्थ करायचे आहेत. पाण्याला कमी लागणारी पिकं, गावातल्या बायकांना काम, सगळा विचार त्यानं केला आहे. वडील म्हणतात, "यासाठी का मी पंचवीस वर्षं वाळवंटात काढली?" त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण आखातात येऊन उलटी केली, ती परिस्थितीमुळेच. पण गावाकडे पाठवलेला आपला पैसा बहुतेक फ्लॅटमध्ये आणि सोन्यात गेला. पुतण्याच्या, भाच्याच्या धंद्यात किती गेला? आणि गेला असेल तर तो पाठबळ म्हणून की उचल म्हणून? "मी पैसे दिलेत, तेव्हा मी सांगेन तसं कर" हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येतं!

माझ्या अल्प बुद्धीनं चार गोष्टी सुचवतो. एक, मदत कर्जाऊ द्यावी, बिनव्याजी, लेखी, आणि परतफेड पहिल्या दोन वर्षांनंतर सुरू व्हावी. लक्ष्मणरावांची दोन वर्षं आठवा. दोन, देण्याआधी पाण्याचा प्रश्न विचारावा आणि उत्तर पटेपर्यंत विचारत राहावा. तीन, आपल्यात हिशेबनीस आहेत, इंजिनिअर आहेत, शीतगृहात आणि आयात-निर्यातीत काम करणारे आहेत. त्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ फोनवर अशा मुलांसाठी द्यावी. चार, आणि हे सगळ्यात सोपं, मंडळाच्या संक्रांतीचे तिळगूळ आणि दिवाळीचा फराळ मागवताना त्यातला थोडा माल तरी अशा नव्या लोकांकडून, रोख पैसे मोजून घ्यावा. पहिलं गिऱ्हाईक मिळणं ही धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट असते.

त्या मुलाचा पहिला माल, भाजणी आणि बाजरीच्या खारोड्या, येत्या दिवाळीला तयार होईल असं तो म्हणतो. मी दहा किलोची मागणी नोंदवली आहे. नवीन कार्यकारिणीनं पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. आणि त्याच्या वडिलांनी हा लेख वाचला तर रागावू नये. एकदा शमालला यावं, हिवाळी बाजारातून मी त्यांना ताजी वांगी घेऊन देईन आणि मग निवांत बोलू.